पाच घरचं कापड

अमरावतीत सुती कापड मिळत नाही, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. दिवाळी सरली की आमच्याकडे रस्त्यानं कापसाच्या गाड्या जायला लागतात. बाभळीच्या काट्यांना पुंजके अडकतात, गटारात पुंजके, स्कूटरच्या चाकात पुंजके. अशा मुलखात मी गेल्या हिवाळ्यात एका जुन्या, मऊ, सुती कापडासाठी घरोघरी हिंडत होते आणि लोक मला जॉर्जेटच्या साड्या देत होते.

जुनंच हवं होतं. नवं म्हटलं तर बाजारात तागेच्या तागे पडले आहेत, पण नवं चालणार नव्हतं. कारण माझी मुलगी.

तिला अकोल्याला दिली आहे, जठारपेठेत. तिचा सातवा महिना चालू होता आणि हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी मी मशीनवर बसून सगळा संच आधीच शिवून ठेवला होता. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, गोधडी, काही म्हणून बाकी ठेवलं नव्हतं. मुलगा झाला. वेळेच्या फार आधी झाला. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि पेटीतून तो घरी आलाच नाही. मी शिवलेलं एकही झबलं त्याच्या अंगाला लागलं नाही. ते कपडे पुढे कुठे गेले हे मी विचारलं नाही. कोणाला तरी देऊन टाकले असतील, असं धरून चालले.

या खेपेला डॉक्टरांनी तिला पलंगावरून हलायचंच नाही म्हणून सांगितलं. प्रवास बंद, म्हणजे तिला माहेरी आणायचा प्रश्नच मिटला. ती तिकडे, मी इकडे, आणि मध्ये हा मेला फोन. तो वाजला की मी हातातलं टाकून धावायची. तिच्या नंबरला वेगळी धून लावून पाहिली, म्हणजे दुसऱ्या कोणाचा फोन आला तर निदान घाबरायला नको. झालं उलटंच. ती धून टीव्हीवर एका जाहिरातीत वाजायची, आणि जाहिरात लागली की माझ्या हातातलं भांडं सुटायचं. शेवटी यांनी मला न विचारता ती बदलून टाकली.

पाच घरांची गोष्ट माझ्या डोक्यात घातली ती माझ्या नणंदेनं. ती शेंदूरजनाघाटला असते. संत्र्याचा बगीचा, तीन सुना, नातवंडांचा धिंगाणा, आणि या सगळ्यावर देखरेख करायला अंगणात खाटेवर तिचे म्हातारे सासरे. मी फोनवर तिच्याजवळ रडले, तर ती ठणकावून म्हणाली, "पहिलं गेलं ना वो, मंग दुसऱ्याच्या अंगाले पहिलं कापड मागून आणलेलंच लागते. पाच घरचं. भरल्या घरचं, लेकराबाळांच्या घरचं. विकतचं नाई, नवं नाई. अन् लेकरू हाती येईपर्यंत त्या कापडाले सुई लावायची नाई."

"काहून?" मी विचारलं.

"काहून काय? लावायची नाई म्हणजे नाई. आणून ठेव, धुऊन ठेव. लेकरू आलं की मंग शिवत बस."

मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवत आले. ग्रहणात जेवलं तर काही होत नाही, हे सिद्ध करायला मी वर्गासमोर डबा खाल्लेली बाई. पहिल्या वेळेच्या आधी नणंदेनं हे सांगितलं असतं तर मी तिची चांगली फिरकी घेतली असती. पण एकदा हात पोळले होते. मी संच आधीच शिवला होता आणि पोर गेलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला कळत होतं, आणि दुपारी एकटी बसले की तो संबंध माझ्यासमोर येऊन बसत होता. फोन ठेवला तेव्हाच मी मनात घरं मोजायला लागले होते.

आता कापड मागायचं तर कशासाठी ते सांगायला हवं, आणि सांगायचं तर नव्हतं. पोटातल्या लेकराचा गाजावाजा या वेळी करायचा नाही असं मुलीनंच बजावलं होतं. मग मी गोधड्यांच्या छंदाची थाप ठोकली. रिटायर झाल्यावर बायकांना असे छंद लागतात यावर लोकांचा चटकन विश्वास बसतो. ज्या त्या घरून पिशव्या यायला लागल्या. उघडून पाहावं तर चकचकीत फुलाफुलांच्या साड्या, टिकल्या लावलेल्या ओढण्या, एका घरून तर खिडकीचे पडदे आले. "सुती नाही का काही?" म्हटलं तर बायका हसायच्या. "आता सुती कोण नेसते, बाई? खळ घाला, इस्त्री करा. अन् जुनं झालं की पोछा करतो आम्ही त्याचा." म्हणजे मी जे शोधत होते त्यानं सगळ्या गावाच्या फरश्या पुसून झाल्या होत्या.

दिसायला सुती वाटणारंही खरं सुती असेलच असं नाही. मग मी शाळेतला प्रयोग काढला. काठाजवळून दोरा उसवायचा, चिमट्यात धरायचा आणि गॅसवर न्यायचा. कागदासारखा वास येऊन राख झाली तर कापूस, वितळून कडक गोळी झाली तर दुसरं काही. आमचं स्वयंपाकघर महिनाभर जळक्या प्लास्टिकच्या वासानं भरलेलं होतं.

"सायन्सनं परीक्षा घेते अन् अंधश्रद्धेले मार्क देते," हे म्हणाले. "तुह्यासारखी मास्तरीण पाहिली नाई."

"तुमी चूप बसा," मी म्हटलं. "तुमच्यानं एक रीळ आणणं झालं नाही."

रिळाचंही तसंच झालं होतं. लेकराच्या गोधडीला दोराही सुती हवा, नाहीतर धुतल्यावर कापड आटतं, दोरा आटत नाही आणि टाके टोचायला लागतात. हे बाजारातून जे रीळ घेऊन आले ते दिव्याखाली मासोळीसारखं चमकत होतं. मग मीच गेले. दुकानं पालथी घातली. सगळ्यांचं एकच, आता पॉलिस्टरच येतं. शेवटी एका अंधाऱ्या दुकानात म्हाताऱ्या दुकानदारानं खालच्या खणातून पांढऱ्या सुती दोऱ्याची रिळं काढून दिली, वरचा कागद पिवळा पडलेला. मी तिथेच दोरा ताणून तोडून पाहिला. त्यानं विचारलं, "पतंगीले पायजे काय?" मी हो म्हटलं. खरं सांगायची इतकी धास्ती होती की या वयात पतंग उडवते असं म्हणायलाही मला काही वाटलं नाही.

सुया घेतल्या. कात्रीला धार लावून आणली. बोटात घालायचं अंगुस्तान सापडेना, तेही नवं घेतलं. हे सगळं मी मशीनच्या खणात न ठेवता दिवाणात एका टोकाला ठेवलं आणि कापड दुसऱ्या टोकाला. सुई आणि कापड शेजारी शेजारी असू नयेत. हा नियम नणंदेनं सांगितलेला नव्हता, तो माझा मीच केला होता. असे नियम मी रोज नवे करत होते. ज्याचं कापड तो माणूस हयात पाहिजे, हाही त्यातलाच.

त्यावरून नणंद माझ्यावर भडकली. तिनं संत्र्याच्या पेटीत, संत्र्यांच्या खाली, एक धोतर पाठवलं होतं. धुऊन धुऊन असं झालेलं की हातात घेतलं तरी हातात काही आहे असं वाटू नये. मला आनंद झाला आणि लगेच शंका आली. फोन केला. "धोतर कोणाचं वो?"

"मामंजीचं."

"ते... बरे आहेत ना?"

 ती म्हणाली, "आहेत. बाहीर खाटीवर बसून संत्रं खाऊन राहिले. देऊ काय त्याईले फोन? विचारून घे, तुमी हाय का म्हणून."

मी घाईघाईनं नाही नाही म्हटलं. पण जीव भांड्यात पडला.

हे पहिलं घर. दुसरं माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं, तिनं फिकट गुलाबी साडी दिली. तिसरं कोपऱ्यावरच्या जुळ्यांच्या आईचं, तिच्या कॉलेजच्या दिवसांतली ओढणी. चौथं आमच्या दूधवाल्याचं. त्याच्या आईचं नऊवारी लुगडं त्यानं दुधाच्या कॅनला बांधून आणलं, दोन वेळा उकळलं तेव्हा त्याचा दुधाचा वास गेला. चार झाली. पाचवं घर काही केल्या मिळेना. आठवडा गेला, दुसरा गेला. अकोल्याहून फोन यायचे, ठीक आहे, ठीक आहे. ती ठीक आहे म्हणायची तेव्हा तिचा आवाज मला ठीक वाटायचा नाही.

कापडं उकळून मी गच्चीवर वाळत घालायची. लोकांच्या डोळ्यावर येऊ नयेत म्हणून दोरीवर आधी ती, आणि त्यांच्यावर पलंगपोस. पण समोरच्या काकूंची खुर्ची त्यांच्या व्हरांड्यात अशी असते की आमच्या गच्चीवरचं काही त्यांच्यापासून लपत नाही. एका दुपारी त्या रस्ता ओलांडून आल्या. गुडघे धरत जिना चढल्या. त्यांच्या हातात घडी घातलेलं निळं पातळ होतं, बारीक पांढऱ्या काठाचं.

मी ते हातात घेतलं. गॅसवर दोरा धरायची गरजच नव्हती. चारही घरच्या कापडांत इतकं मऊ काही आलं नव्हतं.

काकूंना लेकरू नाही. एक मुलगी झाली होती, आम्ही त्या गल्लीत राहायला येण्याच्या आधी, आणि ती तान्हीच गेली. नंतर काही झालं नाही. काका-काकू दोघंच. गल्लीत बारसं असलं की त्यांना बोलावणं जातं, त्या येतात, जेवतात, पण पाळण्याला हात लावा असं त्यांना कोणी म्हणत नाही. त्याही पुढे होत नाहीत. मागे भिंतीजवळ बसतात. ही गोष्ट आमच्या गल्लीत कोणी कधी बोललेलं नाही, तरी सगळ्यांना माहीत आहे.

"गोधडीचा छंद लागला म्हणते ना तुले," काकू म्हणाल्या. "मले समजते कोणती गोधडी हाय ते. पोरगी बरी हाय ना अकोल्याची?"

मी मान हलवली. 

"हे घे. मले मालूम हाय पाच घरं कोणती लागतात ते. पाचात धरू नोको. पाच झाल्यावर उरलं तं आतून घाल कुठी. नाई तं पोछा कर. घरात पडूनच होतं."

त्या बसल्या नाहीत. मी चहा म्हटलं, तेही नको म्हणाल्या. त्या जिना उतरत असताना मी वरच्या पायरीवर पातळ हातात घेऊन उभी होते, आणि मला त्यांचा राग आला. खरंच राग आला. का आणलं? मी काय मागितलं होतं? आता हे वापरलं तर मला रात्रभर झोप नाही, आणि नाही वापरलं तर समोरच्या व्हरांड्याकडे पाहायची सोय नाही. मी ते पातळ दिवाणात ठेवलं नाही. माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवलं.

हे दारातून सगळं पाहत होते. म्हणाले, "पाचवं मिळालं ना?"

"नाही," मी म्हटलं. 

पाचव्यासाठी मी आणखी हिंडले. शेवटी एका घरी कबूलही झाले होते, सोमवारी येऊन घेऊन जा म्हणाले. त्याच्या आदल्या दुपारी मी चारही कापडं उघड्या दिवाणासमोर जमिनीवर पसरली होती. नुसतं पाहत होते, कोणतं वर येईल, कोणतं आत. धोतर खाली, लुगडं आणि ओढणी मध्ये, वर गुलाबी. पण धोतर इतकं मऊ की ते सारखं सरकायचं. एका बाजूनं सारखं केलं की दुसरीकडे सुरकुती. हाताला सवय असते. हात दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला गेला, सुई निघाली, दोरा ओवला गेला, आणि कोपऱ्यात मी दोन लांब टाके टाकले. नुसतं टाचलं. माप कळावं म्हणून.

फोन वाजला. जावयांचा होता.

"आई, तिच्या पोटात दुखून राहिलं. दवाखान्यात आणलं. तुम्ही या."

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. फोन खांद्यात धरून मी तो टाका ओढत होते. दोरा सुती, पण चांगला, तुटेना. कात्री समोर होती, ती मला दिसली नाही. मी तोंड खाली नेलं आणि दातांनी दोरा तोडला, दुसरा टाका उसवला, दोऱ्याचा तुकडा न् तुकडा धोतरातून वेचून काढला.  मी केलं, मी केलं, एवढंच डोक्यात चाललं होतं. विज्ञान कुठे गेलं होतं कोण जाणे. हे दारात उभे होते. त्यांनी माझ्या हातातला दोरा पाहिला, सुई पाहिली. एरवी त्यांनी टोमणा सोडला नसता. त्या दिवशी त्यांनी खाली बसून कापडं गोळा केली, घडी घालून गाठोडं बांधलं आणि म्हणाले, "चाल. बस मिळून जाईल."

अमरावती ते अकोला हा रस्ता मी किती वेळा केला असेल, पण त्या दिवशी तो संपेना. बडनेरा सुटलं, दोन्ही बाजूंनी वेचणीला आलेली शेतं, पांढरी पांढरी. मूर्तिजापूरला बस थांबली आणि ड्रायव्हर उतरून चहा प्यायला लागला. मला त्याची कॉलर धरून आणावंसं वाटलं. मांडीवर गाठोडं होतं. मी दर थोड्या वेळानं गाठीतून बोट घालून धोतराचा तो कोपरा चाचपत होते. टाक्यांची भोकं राहिली होती का, ते बोटाला कळत नव्हतं. हे खिडकीबाहेर पाहत होते. मध्येच म्हणाले, "दोन टाक्यानं काही होत नाही वो." मी म्हटलं, "मले माहीत आहे." आणि पुन्हा कोपरा चाचपला.

दुखणं थांबलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा मुलगी पलंगावर आडवी होती, हाताला सलाइन, आणि आमच्याकडे पाहून हसली. डॉक्टर म्हणाले, जितके दिवस पोटात राहील तितकं चांगलं. दोन दिवसांनी हे अमरावतीला परतले, मी राहिले. सोमवार कधीचा होऊन गेला. पाचव्या घरचं कापड राहिलं ते राहिलंच. सकाळी दवाखाना, दुपारी दवाखाना, आणि गाठोडं जठारपेठेत तिच्या घरी माझ्या उशाशी. त्याला मी हात लावत नव्हते. अन्नावर वासना नव्हती. कोणी दार जोरात लोटलं तरी मी बाहेर धावायची. विहीणबाई म्हणायच्या, "तुमी बसा जरा, तुमी पडाल तं तिले कोण पाहील?" मी बसायची आणि लगेच उठायची.

मग नववा लागल्यावर एका सकाळी पुन्हा कळा सुरू झाल्या, आणि या वेळी डॉक्टर थांबले नाहीत. ऑपरेशन करावं लागलं. आम्ही बाहेर बाकावर होतो. मी देवाचं नाव घेत नव्हते. मी मनातल्या मनात तोच टाका पुन्हा पुन्हा उसवत होते.

रडण्याचा आवाज आला. बारीक, पण चिडका. नर्स बाहेर आली, "मुलगी आहे. वजन कमी आहे, पण पेटीची गरज नाही. थोडा वेळ शेकायला ठेवलं, मग आईजवळ देऊ. आजी, कपडे आणा. मऊ, सुती, धुतलेले."

 जावई शेजारीच होते. मी त्यांच्या खांद्याला धरून ढसाढसा रडले. आतापर्यंत मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदरही ढळू दिला नव्हता.

मुलीला खोलीत आणलं तेव्हा तिला नीट शुद्ध होती. मी गाठोडं आणायला घरी जाते म्हटलं, तर तिनं मला जवळ बोलावलं. "आई, माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात पिवळी पिशवी आहे. ती आण."

"काय आहे त्यात?"

"आण ना."

मी घरी गेले. कपाट उघडलं. पिवळी कापडी पिशवी, नाडीनं बांधलेली. नाडी सोडली आणि वरच्याच झबल्यावर माझा हात थांबला. गळ्याशी माझी फुली होती. मी झबल्याच्या गळ्याला आतून बारीक फुली घालते, माझ्या हाताची खूण म्हणून. सगळी होती. टोपडी, लंगोट, दुपटी, गोधडी. घडीच्या आत कडुलिंबाची वाळलेली पानं.

विहीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "तिनं ते कोणाले देऊ देल्ले नाई," त्या म्हणाल्या. "दर महिन्याले बाहीर काढते, ऊन दाखवते, परत ठेवते. मी दोन डाव म्हणलं, माय, तरास करून नोको घेऊ. ऐकलं नाई."

मी पिशवी पुन्हा बांधली. एका हातात ती आणि दुसऱ्या हातात गाठोडं घेऊन निघाले. सगळा रस्ता मी ठरवत होते की पिशवी आणली नाही असं सांगायचं, विसरले म्हणायचं, रिक्षातच ठेवून यायचं. एवढ्या महिन्यांच्या धडपडीनंतर त्या पोराच्या अंगासाठी शिवलेलं कापड या पोरीच्या अंगावर? नणंदेनं ऐकलं असतं तर तिनं कपाळावर हात मारला असता. पण दारात पोचले तर मुलगी माझ्या हाताकडेच पाहत होती, आणि बाळ तिच्या कुशीत दवाखान्याच्या टॉवेलात होतं.

"ते नको, बेटा," मी म्हटलं. "हे बघ, मी चार घरून मागून आणलं. हे घालू आज. ते नंतर पाहू."

"काहून?"

नणंदेला मी जे विचारलं होतं तेच. 

"आई, दुसऱ्या लेकराले पहिल्याचेच कपडे घालतात ना?" ती म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, ऑपरेशनमुळे जोरात बोलवत नव्हतं. "सगळ्याच घरी घालतात. मोठ्याचे धाकट्याले. मग माझ्या घरी काहून नाही घालायचे? हिले भाऊ होता ना?"

 पाच घरं मोजताना मी भरली घरं कोणती आणि रिकामी कोणती याचा हिशोब मांडला होता. त्या हिशोबात माझ्याच मुलीचं दार मला टाळून पुढे जावं लागलं असतं. माझ्यासारखी कोणी बाई कापड मागत जठारपेठेत आली असती, तर या घराची पायरी चढली नसती. दोन वर्षं माझी मुलगी दर महिन्याला ही झबली उन्हात घालत होती. फोनवर ठीक आहे म्हणत होती. मला एवढं वाईट वाटलं की मी भिंतीकडे तोंड केलं.

मग मी हात धुतले आणि पिशवी सोडली. सगळ्यात लहान झबलं काढलं. टॉवेल बाजूला केला. पोरगी एवढीशी, तिचा दंड माझ्या अंगठ्याएवढा. बाही तिच्या हाताच्या पुढे लोंबत होती. मागच्या बंदांची गाठ मारताना मला भीती होतीच. ती आजही गेलेली नाही, लेकराला साधी शिंक आली तरी मी उठून बसते. पण गाठ मारली. मुलीनं झबल्याच्या गळ्यातली फुली बोटानं चाचपली आणि डोळे मिटले.

त्या दुपारी मी बाहेरच्या बाकावर गाठोडं सोडून बसले. आता सुई लावायला मोकळीक होती. गोधडी करायची होती, थंडी होती, आणि चारच कापडं होती. मी फोन काढला. यांना लावायच्या आधी काकूंना लावला.

"काकू, मुलगी झाली. दोघीही चांगल्या आहेत."

"बरं झालं वो माय," त्या म्हणाल्या. "बरं झालं. पाच घरं झाली होती ना?"

"चार झाली. एक कमी आहे. काकू, मी तुमच्याकडे कापड मागून राहिली."

"देल्लं ना तुले मांगंच."

"ते तुम्ही दिलं होतं. मी मागितलं नव्हतं. मागून आणलेलं लागते."

 त्यांच्या व्हरांड्यासमोरून एक मोटारसायकल गेली, तिचा आवाज ऐकू आला.

"मंग माग," त्या म्हणाल्या.

"काकू, लेकराला कापड द्या."

"देल्लं," त्या म्हणाल्या.  मी सांगितलं, पातळ माझ्या कपाटात आहे, हे उद्या येताना आणतील, गोधडीत सगळ्यात वर तेच येईल. त्यांनी नुसतं हं केलं. मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "नाक कोणावर गेलं वो पोरीचं?"